फ्लेक्स घेऊन जावाला

परदेशाहून आणलेला खाऊ दोन दिवसांत वाटून संपतो. किस्से संपत नाहीत, उलट वाढत जातात. आम्हाला जावा बेटावरून येऊन वर्ष होत आलं, तरी केंद्रात शिक्षण परिषदेला चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "माने मॅडम, ते बिराजदार सरांचं सांगा की!" मग एक सांगावा, तर त्याच्या मागं दुसरा येऊन उभा राहतो, त्याच्या मागं तिसरा. तेवढ्यात साहेब आत येतात. "काय विषय चाललाय?" आम्ही सगळे एका सुरात म्हणतो, "अध्ययन निष्पत्ती, सर!"

झालं होतं असं. एका संस्थेनं आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या चार शिक्षकांना अभ्यासदौऱ्यासाठी इंडोनेशियात योग्यकर्ता नावाच्या शहरात पाठवलं. तिथल्या शाळा बघायच्या, वर्गात तंत्रज्ञान कसं वापरतात ते बघायचं, आणि चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ, मेणानं कापडावर काढायची बाटिक नक्षी, असल्या जुन्या कला मुलांपर्यंत कशा नेतात ते शिकायचं.

आमचे म्होरके बिराजदार सर, नळदुर्गकडचे मुख्याध्यापक. घरात कानडी, शाळेत मराठी आणि रागात दोन्ही. दुसरे शेख सर, तंत्रज्ञानवाले. त्यांच्या कुठल्याही खिशात हात घातला तर वायर निघते. तिसरी सुरेखा, ईटच्या पुढं एका वस्तीवरच्या शाळेची बाई, आमच्यात सगळ्यांत लहान. आणि मी, अणदूरजवळच्या शाळेत मराठी, चित्रकला आणि वाट्याला येईल ते शिकवणारी.

यजमान शाळेनं एक गोष्ट कबूल केली होती. आमच्या चार शाळांपैकी एका शाळेशी ती मैत्री जोडणार. महिन्यातून एकदा दोन्हीकडची मुलं व्हिडिओवर एका वर्गात बसणार. त्यासाठी आम्ही प्रत्येकानं तिथं एक पाठ घ्यायचा, आणि शाळा निवडायची तिथल्या मुलांनी!

"स्पर्धा म्हणजे स्पर्धा," बिराजदार सरांनी मुंबईच्या विमानतळावरच जाहीर केलं. "आता इथनं पुढं कुणी कुणाचं न्हाय."

सुरेखाचा चेहरा उतरला. कारण निघताना ती आपल्या वर्गाला सांगून बसली होती, "मी तुमच्यासाठी तिकडची शाळा घेऊन येते." तिची शाळा एका खोलीची. पोरांना बाहेरचं पोर भेटायचं ते फक्त जत्रेत. त्यांनी बाईंचा शब्द अगदी धरूनच ठेवला. आम्ही अजून विमानाच्या रांगेत, तोवर पहिला आवाजी मेसेज आला. "बाई, मिळाली का शाळा?"

"अगं, अजून मुंबईतच हाय मी!" सुरेखा म्हणाली.

त्यानंतर रोज सकाळी तोच प्रश्न, रोज वेगळ्या आवाजात.

* * *

आपल्याकडं फोटोत फ्लेक्स नसेल तर कार्यक्रम झालाच नाही असं धरतात. म्हणून बिराजदार सरांनी धाराशिवहून एक भलामोठा फ्लेक्स गुंडाळून आणला होता. वर मोठ्या गोलात मोठे साहेब, मधल्या गोलात मधले साहेब आणि तळाला चार छोट्या गोलांत आम्ही चौघं.

तपासणीच्या मशीनमधून ती गुंडाळी बाहेर आली तेव्हा तिथल्या जवानानं विचारलं, "इसमें क्या है?"

सर म्हणाले, "वरिष्ठ."

योग्यकर्त्याला पोचल्यावर आम्हाला एका दलांगकडं नेलं. दलांग म्हणजे पडद्यामागं बसून एकट्यानं सगळ्या बाहुल्या नाचवणारा, सगळ्यांचे आवाज काढणारा माणूस. हे आजोबा हसरे, आवाजानं भारदस्त. आमच्याबरोबर इबू रत्ना नावाच्या शिक्षिका होत्या. इबू म्हणजे आपल्याकडं बाई म्हणतात तसं. त्या सगळं इंग्रजीत करून सांगत, आणि शेख सर त्याचं मराठी करत.

आजोबांनी बाहुल्या दाखवल्या. बारीक डोळे, टोकदार नाक, मान खाली, तो सज्जन. तो दलांगच्या उजव्या हाताला. वटारलेले गोल डोळे, जाड नाक, तो राक्षस. तो डाव्या हाताला. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी आम्हाला विचारलं, "तुमच्याकडं चित्रांतून गोष्ट कशी सांगतात?"

आम्ही तिघं आठवत राहिलो. बिराजदार सरांनी फ्लेक्स उलगडला!

आजोबांनी तो आदरानं घेतला आणि दिव्यासमोर टांगला. मागून उजेड आला आणि आम्ही सगळे झळकलो. आजोबा जवळ जाऊन एकेक चेहरा न्याहाळू लागले. माझ्यावर काडी ठेवली, "उजवीकडे." सुरेखा, "उजवीकडे." शेख सर, "उजवीकडे." मग काडी बिराजदार सरांच्या मिशीवर आली, वर सरकली, डोळ्यांवर थांबली.

"डावीकडे."

"का? मीच का डावीकडं?"

इबू रत्ना संकोचून म्हणाल्या, "डोळे."

"अहो, फोटोग्राफरच म्हणला डोळे मोठे करा म्हणून!"

तोवर काडी वरच्या मोठ्या गोलाकडं निघाली होती. आजोबा बराच वेळ साहेबांकडं बघत राहिले. मग त्यांनी इबूंच्या कानात काहीतरी विचारलं. इबू म्हणाल्या, "ते विचारतायत, राजाबद्दलही सांगू का?"

सरांनी एका झटक्यात फ्लेक्स खाली ओढला. "नको, नको! पेन्शन अडकंल!"

* * *

जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला सगळं जमतं, एक गोष्ट जमत नाही. बाई नसलेला वर्ग दिसला तर तिथून सरळ पुढं जाणं.

त्या शाळेत मुलं रोज थोडा वेळ आपापली शिकतात. शिक्षक मुद्दाम वर्गाबाहेर थांबतात. आम्ही काचेतून आवाज न करता निरीक्षण करायचं होतं.

"यांच्या बाई कुठायत?" बिराजदार सर कुजबुजले.

"सर, तेच तर बघायला आलोय," शेख सर म्हणाले. "मुलं स्वतः शिकतायत."

"ते ठीक हाय हो. पण बाई कुठायत?"

आम्ही पुढं संगणक कक्ष बघायला गेलो. तिथं सगळं बघून झालं, चहा झाला आणि मग लक्षात आलं की सर नाहीत. परत येतो तर लांबूनच आवाज: "बे एके बे! बे दुणे चार!"

खिडकीतून पाहिलं. सर हात मागं बांधून बाकांमधून फिरत होते. जावाची पोरं गळ्याच्या शिरा ताणून मराठीत पाढे म्हणत होती. फळ्याजवळ एक गोबरी मुलगी खडू घेऊन उभी होती आणि बोलणाऱ्यांची नावं लिहीत होती! मराठीचा एक शब्द येत नाही, पण वर्गमंत्री म्हणजे काय ते तिला बरोबर समजलं होतं.

दाराशी यजमान मुख्याध्यापक उभे. आम्हाला वाटलं, आता आजच परत पाठवतात. ते शांतपणे म्हणाले, "आम्ही यांना इतकी वर्षं हळू बोलायला शिकवतोय. यांना एवढं ओरडायचं होतं हे आम्हाला माहीतच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी मैदानावर मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या, "बे एके बे"च्या तालावर. सर बराच वेळ बघत राहिले आणि हळहळले, "वेळ कमी पडला. साताच्या पाढ्यापर्यंत न्यायला पाहिजे होतं."

सुरेखा माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ताई, सरांनी पाठ न घेताच पोरं खिशात घातली की हो! माझं कसं व्हायचं?"

* * *

हॉटेलात नेट फक्त खालच्या बैठकीत चालायचं. त्यामुळं संध्याकाळी सगळे तिथं जमून घरी फोन लावत. आमचे हे जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. मुलगी सासरी, तिचं बाळ लहान. त्या वेळेला तिला फोन नको म्हणून मी तिथलं मासिक चाळत बसायची. भाषा समजत नव्हती, पण चित्रं चांगली होती.

बिराजदार सरांच्या आई फोनवर रोज हजेरी घ्यायच्या. पहिला प्रश्न कानडीत, "ऊट आतेनू?" म्हणजे जेवण झालं का. पुढचं सगळं मराठीत आणि मोठ्यानं.

त्या दिवशी सर रंगात आले होते. "आई, इथल्या लोकांची नावं ऐक. आमची गाडी कोण चालवतंय ठाऊक हाय का? अर्जुन! अन् बॅगा उचलतोय तो भीम!"

 मग आई म्हणाल्या, "अर्जुनाला गाडी हाकायला लावली? मग कृष्ण कुठं गेला?"

सर गोंधळले. वळून काउंटरवरच्या तरुणाच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि फोनमध्ये म्हणाले, "हाय आई, हितंच हाय. खोल्यांच्या किल्ल्या देतोय."

"मग बरोबर," आई म्हणाल्या. "अन् तू काय करतोस?"

"मी मागं बसतो."

"तेच म्हणलं."

मग त्यांना फोनमध्ये मी दिसले. "ती कोण बाई बसलीय कोपऱ्यात? तिला दे." मी फोन घेतला. माझी चौकशी झाली. घरी कोण असतं ते विचारून झालं. मी सांगितलं. 

मग आई म्हणाल्या, "हे बघ बाई, उद्यापासनं तू माझ्याशी बोलत जा. हा माझा पोरगा काय खातो ते खरं सांगत न्हाय. त्याला गोड बंद हाय. तू बघत जा अन् मला सांगत जा."

पुढचे सगळे दिवस संध्याकाळी फोन मला यायचा. आणि सर जेवताना ताट घेऊन माझ्यापासून सर्वांत लांबच्या टेबलावर बसायचे.

* * *

बाटिक शिकताना कापडावर गरम मेणानं चित्र काढतात. तांब्याची चिमुकली वाटी, तिला बारीक तोटी, पेनसारखी धरायची. मग कापड रंगात बुडवतात. मेण लावलं तेवढं पांढरं राहतं, बाकी रंगतं. एकदा मेण पडलं की पडलं, खोडरबर नाही.

आम्ही चौघं मांडी घालून बसलो. सुरेखानं मोर काढायला घेतला, शेख सरांनी बिंदू जोडून कसलंसं सर्किट काढलं, मी वेल काढत होते. बिराजदार सरांचं कमळ लवकर उरकलं. आता मोकळा मुख्याध्यापक, समोर चाललेलं काम आणि हातात लेखणी! ते उठले आणि राउंड घेऊ लागले.

शेख सरांच्या कापडापाशी वाकले. सवयीनं हात चालला. बरोबरची खूण, "छान", खाली सही. सुरेखाच्या मोरापाशी, खूण, "छान", सही. मी कापड पाठीमागं लपवलं, तर म्हणाले, "मॅडम, तपासून घ्या, तपासून घ्या!"

इथवर आमचंच नुकसान होतं. पण शिकवणाऱ्या बाई चहा आणायला आत गेल्या होत्या आणि त्यांचं स्वतःचं कापड चौकटीवर ताणलेलं होतं. कितीतरी दिवसांचं काम, केसासारख्या रेषा. सर त्याच्यापुढं हरखून उभे राहिले. चष्मा वर केला, खाली केला. आणि आम्ही "सर! सर!" म्हणेपर्यंत कोपऱ्यात ठसठशीत "उत्तम" आणि सही!

संध्याकाळी कापडं रंगातून निघाली. निळ्या जमिनीवर पांढरंशुभ्र "उत्तम" उमटलं होतं. बाई त्याच्याकडं टक लावून बघत राहिल्या. 

"ही कुठली नक्षी?" त्यांनी विचारलं.

शेख सर क्षणात म्हणाले, "पारंपरिक आहे. मराठवाड्याची."

दोन दिवसांनी आम्ही त्या बाईंच्या अंगणावरून जात होतो. दोरीवर रुमाल वाळत घातले होते आणि सगळ्यांच्या काठाला ओळीनं "उत्तम, उत्तम, उत्तम", मधून मधून सरांची सही वेलीसारखी वळवलेली! सरांनी एक रुमाल हातात घेऊन बारकाईनं पाहिला.

"सही जरा बदललीय यांनी," ते म्हणाले. "बँकेत चालणार न्हाय."

* * *

पहिला पाठ शेख सरांचा. त्यांनी महिनाभर तयारी केली होती. मोठ्या पडद्यावर नळदुर्गचा किल्ला उभा राहणार, पोरं टॅबवर बोट फिरवून बुरुजावर चढणार, धबधब्याखालून जाणार. पोरं डोळे विस्फारून बसली होती. किल्ल्याचा दरवाजा उघडला आणि लाइट गेली!

यजमानांची धावपळ उडाली. मुख्याध्यापक पळत ऑफिसात, इबू रत्ना पळत शिपायाकडं, कुणी जनरेटर बघायला, कुणी माफी मागायला. पाच-दहा मिनिटांनी सगळे दिवे-बॅटऱ्या घेऊन परतले आणि दारातच थांबले.

बिराजदार सरांनी खिडक्या सताड उघडल्या होत्या. मी आणि सुरेखानं बाकं उजेडाकडं वळवली होती. दोन पोरं वह्यांनी वारा घालत होती. आणि शेख सर फळ्यावर खडूनं किल्ला काढून बुरुजापर्यंत पोचले होते. त्यांचं वाक्यसुद्धा मध्ये तुटलं नव्हतं. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं, हात आपापले चालले होते.

मुख्याध्यापक म्हणाले, "लाइट गेली होती ना?"

शेख सरांनी मागं वळून पाहिलं. "अरे हां! कब गई?"

मुख्याध्यापक फार प्रभावित झाले. संध्याकाळी त्यांनी शेख सरांना बाजूला घेऊन विचारलं, "संकटात पाठ चालू ठेवायचं हे प्रशिक्षण तुमच्याकडं कोण देतं?"

"आमच्याकडं ते रोजच असतं," शेख सर म्हणाले. "पावसाळ्यात तर दिवसातून दोनदा!"

* * *

माझा पाठ ठिपक्यांच्या रांगोळीचा होता. तांदळाचं पीठ तिथं मुबलक. शाळेच्या मोठ्या ओट्यावर ठिपके मांडायचे, मुलांनी मोजायचे, जोडायचे. गणितही झालं आणि चित्रही. खरं तर दोन वर्षांत मी दारात रांगोळी काढली नव्हती. हात अडेल असं वाटलं होतं. पण पोरं एवढी चिकटली की अडायलाही सवड मिळाली नाही.

सुरुवातीला बिराजदार सर मधोमध येऊन उभे राहिले. "मॅडम, एक फोटो. मागं फ्लेक्स, पुढं मुलं." शेख सर फोटो काढू लागले. एक नीट येईना, दुसऱ्यात सरांचे डोळे मिटले. "मोठे नका करू सर, डावीकडं जाल!" सुरेखा ओरडली. या गडबडीत पोरांनी काम थांबवलं नव्हतं. त्यांना ठिपक्याला ठिपका जोडायचा एवढंच माहीत. फोटो झाला तेव्हा सरांच्या चारी बाजूंनी रांगोळी पूर्ण झाली होती!

सरांनी पाय उचलला. खाली कमळ. दुसरीकडं उचलला. खाली पोपट. रांगोळीवर पाय द्यायचा नाही हे त्यांच्या अंगात लहानपणापासून भिनलेलं.

"मॅडम, आता?"

"आता उभे राहा सर. पोरं अजून रंग भरणार आहेत."

रंग भरून होईपर्यंत बिराजदार सर पुतळ्यासारखे मध्यभागी. तेवढ्यात तिथले कुणी मोठे अधिकारी शाळा बघायला आले. सरांनी जागेवरूनच नमस्कार केला, जागेवरूनच ओळख करून दिली आणि जागेवरूनच आभाराचं भाषण केलं. अधिकाऱ्यांना वाटलं, यांच्याकडं प्रमुख पाहुण्याला असंच उभं करतात. त्यांनी वाकून विचारलं, "मीही उभा राहू का?"

मला हसू आवरेना. ओट्याच्या खांबाला धरून मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. शेख सरांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मुद्दाम दुसरीकडं बघून कॅमेरा पुसत बसले.

शेवटी शाळेच्या शिपायानं शिडी आणली. ती आडवी टाकून दोन्हीकडून धरली आणि सर तिच्या पायऱ्यांवरून, हात पसरून, तोल सांभाळत बाहेर आले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सुरेखानंही वाजवल्या. मग माझ्या कानात म्हणाली, "ताई, तुमचाही पाठ जमला. आता मी काय दाखवू यांना?"

* * *

शेवटच्या दिवशी सुरेखाचा पाठ. बिराजदार सरांनी आपला पाठ आधीच झाला असं सांगून टाकलं होतं आणि ते खरंच होतं.

दलांग आजोबांकडं जाऊन आल्यापासून तिच्या डोक्यात एक कल्पना होती. तिनं आपल्या पोरांना आवाजी मेसेज पाठवले होते. पुठ्ठ्याची शेळी कापा, कोंबडी कापा, नाग कापा. काड्या लावा. शाळेच्या दाराला कुणाचं तरी पांढरं धोतर ताणून बांधा; सकाळचं ऊन मागून येतं, दिवा नको. वर्गमंत्री गौरी आपल्या बापाचा फोन आतून धरणार आणि इकडची पोरं मोठ्या पडद्यावर बघणार. तिकडच्या सावल्या बोलतील, इकडच्या चामड्याच्या बाहुल्या उत्तर देतील.

आजोबांनाही बोलावलं होतं. ते पहिल्या ओळीत खुर्चीवर बसले होते. इकडं सकाळचे दहा, ईटला साडेआठ.  फोन लागला. आधी पडदाभर कुणाचं तरी नाक दिसलं. मग फोन मागं गेला आणि उन्हानं उजळलेलं धोतर दिसलं.

धोतरावर शेळी आली.

लांब पडलेले कान, शिंगं, हनुवटीला दाढी. एकेक केस दिसत होता. शेळीनं मान वळवली. कान झटकला. रवंथ करू लागली.  आजोबा खुर्चीवरून उठले, पडद्याजवळ गेले आणि नाक लावून बघू लागले. मग त्यांनी वळून काहीतरी विचारलं.

इबू रत्ना म्हणाल्या, "ते विचारतायत, जबड्याला वेगळी काडी आहे का? एकूण किती काड्या?"

सुरेखा माझ्याकडं बघून पुटपुटली, "ताई, आमच्या पोरांनी जबडा हलणारी शेळी कधी केली?"

तेवढ्यात सावली मोठी होत गेली. धोतर हललं, ताणलं गेलं, टर्रकन आवाज झाला, आणि भोकातून एक खरंखुरं काळं तोंड आत आलं! तोंडात धोतराची चिंधी. शेळी फोनकडं बघत शांतपणे चावत राहिली.

आमच्या इथं पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं. तिकडून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "आरं माझं धोतार!"

"गौरे!" सुरेखा ओरडली. "काय चाललंय हे? पुठ्ठ्याची शेळी कुठाय?"

फोन थरथरला. गौरीचा चेहरा आला, घाबरलेला. "बाई, ती हिनं खाल्ली."

"कोंबडी?"

"ती पण खाल्ली. नाग पण खाल्ला. मग खेळ तर करायचा होता ना, बाई? म्हणलं, तूच खाल्लंस ना, आता तूच ऱ्हा उभी!"

इबू रत्नांनी हसत हसतच ते पोरांना सांगितलं. दलांग आजोबा खाली जमिनीवर बसले आणि हसून हसून डोळे पुसू लागले. सुरेखानं मात्र कपाळाला हात लावला होता. "गेली शाळा," ती म्हणाली.

मुख्याध्यापकांनी मुलांना विचारलं, महिन्यातून एकदा कुणाच्या शाळेबरोबर बसायचं? शेख सरांचं नाव घेतलं, माझं घेतलं, बिराजदार सरांचं घेतलं. पोरं इकडं तिकडं बघत राहिली. मग त्यांनी सुरेखाकडं बोट केलं. एकूण एक हात वर गेला. बिराजदार सरांनीही हात वर केला होता.

"सर, हात खाली!" शेख सरांनी त्यांचा शर्ट ओढला. "तुम्हाला मत नाही!"

 फोनमधून तिकडची पोरं विचारत होती, "बाई, मिळाली का? बाई, मिळाली का शाळा?" सुरेखानं मान डोलावली आणि तिकडं जो कल्लोळ झाला त्यात शेळी बिचकून पळाली.

तेव्हा इकडं पुढच्या बाकावरची ती गोबरी वर्गमंत्री उभी राहिली. गंभीर चेहऱ्यानं तिनं एक प्रश्न विचारला. इबू रत्नांनी तो इंग्रजीत सांगितला, शेख सरांनी फोनमध्ये मराठीत सांगितला: "तिला विचारायचंय, पुढच्या महिन्यात शेळी वर्गात येणार का?"

सुरेखा उत्तर द्यायच्या आत तिकडून गौरीच बोलली.

"येईल की! ती रोजच येते शाळंत. फकस्त पटावर न्हाय."